मॅन्युअल कशात लिहू म्हणतोस…

बाळ,

तुझा डेअरीच्या हिशेबाचा प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला करतोयस, बरं वाटलं. मॅन्युअलच्या फॉरमॅटचा प्रश्न मात्र तू उलट्या बाजूनं धरलायस. पान कसं दिसेल ते मागाहून बघता येतं. त्यातली चूक कोण दुरुस्त करणार, ते आधी ठरव.

मी यात एकदा पस्तावलोय. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांसाठी स्टॉकचा प्रोग्राम केला होता, त्याचं मॅन्युअल डॉकबुकमध्ये. म्हणजे एक्सएमएल, प्रत्येक तुकड्याला उघडणारा आणि बंद करणारा टॅग, सगळं टापटीप, पीडीएफ तर देखणी. बैलहोंगलच्या एका पोरानं कन्नड पानातली चूक सुधारून पाठवली. त्याच्याकडून एक टॅग बंद करायचा राहिला आणि अख्खं पुस्तक अडलं. मी त्याला टॅगवर लांबलचक मेल लिहिला. पुन्हा फिरकला नाही की रे तो. लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिणारेही २०१६ पासून डॉकबुक सोडून रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या साध्या खुणांच्या पद्धतीकडे वळले.

ते लिहायला सोपं आहे, पण मराठीशी अडतं. तिथं शीर्षकाखाली चिन्हांची रेघ ओढावी लागते. ‘दुरुस्ती’ डोळ्यांना तीन अक्षरं. ते वाचणारा डॉक्युटिल्स हा प्रोग्राम मात्र उकार, वेलांट्या वेगळ्या मोजतो. खाली बरोबरची तीनच चिन्हं दिलीस तर तो त्याला शीर्षक मानतच नाही, साधा मजकूर समजतो. त्यात आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘जतनवर क्लिक करा’ यातलं फक्त ‘जतन’ ठळक करायला त्याच्या दोन्ही बाजूंना तारे (**) घातलेस की ते तसेच उरतात. मधे उलटी तिरकी रेघ आणि मोकळी जागा घालावी लागते. खानापूरच्या डेअरी सेक्रेटरीला हे तू समजावणार?

मार्कडाउन ही दुसरी साधी पद्धत, तीत शीर्षकाच्या आधी एक हॅश (#), संपलं. ठळक करायला दोन-दोन तारे घाल, प्रत्यय चिकटला तरी चालतं. अंडरस्कोर (_) मात्र वापरू नकोस, तो तिथंही फसतो.

मार्कडाउनची खोट म्हणजे त्याच्या बोली फार. २००४ मध्ये आलं तेव्हा त्यात टेबलसुद्धा नव्हतं, ज्यानं त्यानं आपापलं जोडलं. अॅस्कीडॉक ही अशीच आणखी एक पद्धत, जाड तांत्रिक पुस्तकाला शोभते, तुला आत्ता नको.

माझं म्हणणं, लिही मार्कडाउनमध्ये आणि बांध स्फिंक्सनं, तो मजकुरातून पुस्तक बनवतो, त्याला मार्कडाउन कळावं म्हणून मिस्ट जोडून. कारण मॅन्युअल कन्नडातही लागणार. स्फिंक्स प्रत्येक परिच्छेद पीओ फाइलमध्ये, म्हणजे मूळ मजकूर आणि भाषांतर जोडीनं ठेवणाऱ्या फाइलमध्ये, सुटा काढून देतो. उद्या तू मराठीत दराचा नियम बदललास की फाइल ताजी करताना कन्नडमधल्या तेवढ्याच परिच्छेदावर ‘फझी’ची, म्हणजे पुन्हा तपासा अशी, खूण पडते, बाकी भाषांतर शाबूत. दोन वेगळ्या फाइली ठेवल्यास तर सहा महिन्यांत मराठीत एक दर आणि कन्नडात दुसरा. मूळ मजकूर मराठीतच ठेव. त्यावरून कन्नड करणारे आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत.

आधी एकच पान लिही, दुधातली फॅट मोजायचं मशीन जोडायचं. सेक्रेटरीसमोर लॅपटॉप ठेव, त्यांना एक ओळ बदलायला सांग आणि तू तोंड मिटून बस. कुठं अडले ते लिहून रविवारी घेऊन ये. येताना कुंदा आण.

तुझा,
काका