दोन-तीन एकरवाल्यांनी शेतकरी कंपनी काढून खरंच फायदा होतो का?

होतो, पण नुसत्या नोंदणीने नाही. शेतकऱ्यांनीच सभासद होऊन अशी कंपनी काढायला कायद्याने १० उत्पादक पुरतात. अशा कंपन्यांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या २०२० च्या योजनेला मात्र सपाट भागात किमान ३०० सभासद लागतात. अनुदानावर डोळा ठेवून काढलेल्या कंपन्या अनुदानाबरोबरच संपतात, असं माझं मत.

खरा फरक मालात पडतो. पाच पोती सोयाबीन घेऊन एकटे गेलात, की व्यापारी दाणा दाताखाली धरून ओलावा सांगतो आणि भाव पाडतो. गटाकडे स्वतःचं ओलावा मोजायचं मशीन आणि चाळणी असली, ट्रकभर माल एका प्रतीचा निघाला, की तेल कारखान्याशी थेट बोलता येतं. (द्राक्षांत नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकरी कंपनीचं काम बघून या.)

सुरुवात बियाणं-खतांच्या एकत्र खरेदीपासून करा. हिशेबाला पगारी माणूस ठेवा, भावकीतला नको.