आइनस्टाइनने नोबेलचे पैसे घटस्फोटित पत्नीला दिले, हे खरं का?

हो, पण ते दान नव्हतं, घटस्फोटाच्या करारातली अट होती. घटस्फोट झाला फेब्रुवारी १९१९ मध्ये आणि १९२१ सालचं नोबेल जाहीर झालं थेट १९२२ च्या नोव्हेंबरात. न मिळालेल्या बक्षिसाच्या भरवशावर मिलेव्हा मारिचने सही केली होती, हे मला विलक्षण वाटतं.

मधली वर्षं ओढाताणीची गेली. तो बर्लिनला मार्कमध्ये कमवायचा, ती झुरिकला दोन मुलांचा संसार फ्रँकमध्ये चालवायची आणि मार्क तर रोज घसरत होता.

बक्षीस होतं सुमारे १ लाख २१ हजार स्वीडिश क्रोनर. व्याज तिचं, मुद्दलाला हात लावायचा तर त्याची संमती हवी. त्या पैशांतून तिने झुरिकमध्ये घरं घेतली, भाड्यावर घरखर्च भागेल म्हणून. पण धाकट्या एडुआर्डला स्किझोफ्रेनिया झाला. उपचारांच्या खर्चापायी दोन घरं विकावी लागली. हुटेनस्ट्रासवरचं राहतं घर वाचावं म्हणून शेवटी ते आइनस्टाइनच्या नावावर केलं. ती शिकवण्याही घ्यायची, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.