कोणत्या अंतराळ मोहिमेला पैसा द्यायचा, हे ठरवणारी माणसं कुठून येतात?

सोलापूरच्या एका वडिलांचं पत्र आहे. त्यांचा अक्कलकोट रोडला यंत्रमागाचा छोटा कारखाना आहे. मुलगी अकरावी सायन्सला आहे, गणितात चांगली. कॉलेजच्या वादविवादात ‘आधी अंतराळात माणूस की आधी शुक्रावर यान’ असा विषय होता. तेव्हापासून ती म्हणते, मला शास्त्रज्ञ नाही व्हायचं, कोणत्या मोहिमेला निधी द्यायचा हे ठरवणाऱ्यांत बसायचंय. वडील विचारतात: अशी नोकरी खरंच असते का? कोर्स कोणता? आणि तिला लातूरला क्लासला पाठवू की इथंच ठेवू?

नमस्कार,

काम खरं आहे, पण त्या पदाची जाहिरात कधी निघत नाही. कुणीही पंचविसाव्या वर्षी ‘मोहीम निवडणारा’ म्हणून रुजू होत नाही. आधी पंधरा-वीस वर्षं उपकरण बांधण्यात, आकडेवारी उकलण्यात किंवा खर्चाचा अंदाज काढण्यात जातात, आणि मग समितीचं बोलावणं येतं. त्यामुळे ‘शास्त्रज्ञ नाही, ठरवणारी’ ही विभागणी मुलीनं तूर्त बाजूला ठेवावी.

आपल्याकडे इस्रो उपकरणांसाठी प्रस्ताव मागवते. देशभरातल्या संस्था ते पाठवतात आणि अंतराळ विज्ञानाची सल्लागार समिती ते तपासते. मोहीम मोठी असेल तर पुढे अंतराळ आयोग आणि शेवटी केंद्रीय मंत्रिमंडळ. १८ सप्टेंबर २०२४ रोजी मंत्रिमंडळानं चांद्रयान-४ साठी २,१०४ कोटी आणि शुक्रयानासाठी १,२३६ कोटी मंजूर केले. गगनयान कार्यक्रमात अंतराळ स्थानकाचा पहिला भाग घालून त्याचा एकूण निधी २०,१९३ कोटींवर नेला. म्हणजे वादविवादातल्या दोन्ही बाजूंना एकाच दिवशी पैसा मिळाला. खरी ओढाताण होते ती कुणाला किती, कोणत्या क्रमानं आणि कोणत्या सालापर्यंत, यावर. वादविवादाच्या व्यासपीठावर यातलं काहीच येत नाही.

अमेरिकेची पद्धत जास्त उघडी आहे, म्हणून शिकायला सोयीची. तिथली राष्ट्रीय अकादमी दर दहा वर्षांनी शास्त्रज्ञांकडून प्राधान्यक्रम ठरवून घेते. ग्रहविज्ञानाच्या २०२२ च्या अहवालात मोठ्या मोहिमांत युरेनसला पहिला क्रमांक मिळाला आणि शनीच्या एन्सेलाडस या चंद्राला दुसरा. पहिला क्रमांक आला म्हणजे पैसा हातात पडला असं मात्र नाही. तो दरवर्षी संसदेतून काढावा लागतो. लहान मोहिमांसाठी थेट स्पर्धा होते. २०२१ मध्ये अंतिम फेरीतल्या चार प्रस्तावांपैकी शुक्राच्या दोन मोहिमा निवडल्या गेल्या, गुरूचा चंद्र आयो आणि नेपच्यूनचा चंद्र ट्रायटन मागे पडले. अशा स्पर्धेत दोन वेगळे गट तपासणी करतात. एक विचारतो, प्रश्न मोलाचा आहे का? दुसरा विचारतो, हे सांगितलेल्या पैशात आणि वेळेत होईल का? त्या दुसऱ्या गटाची तयारी आपल्याकडे कुणीच करून देत नाही, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो.

प्रस्तावाचा कणा म्हणजे एक तक्ता. पहिल्या रकान्यात प्रश्न, दुसऱ्यात त्यासाठी काय मोजायचं, तिसऱ्यात किती अचूक, चौथ्यात कोणतं उपकरण, पाचव्यात त्यापायी यानावर काय बोजा पडतो. शुक्राचंच घ्या. ‘शुक्राचा अभ्यास करू’ असं लिहिलेला कागद पहिल्याच चाळणीत पडतो. ‘शुक्रावरचे ज्वालामुखी आजही जागे आहेत का’ हा प्रश्न झाला. ढगांमुळे साध्या कॅमेऱ्याला जमीन दिसत नाही आणि पृष्ठभागावर सुमारे ४६५ अंश सेल्सिअस तापमान, त्यामुळे उतरलेलं यान फार टिकत नाही. सोव्हिएत व्हेनेरा-१३ जेमतेम दोन तास चाललं. मग वरून, कक्षेतून रडार. एकाच जागेची चित्रं काही महिन्यांच्या अंतरानं घ्यायची आणि ताडून पाहायची. मॅगेलन यानानं १९९१ मध्ये आठ महिन्यांच्या अंतरानं घेतलेल्या दोन चित्रांत एका ज्वालामुखीचं मुख बदललेलं आहे, हे २०२३ मध्ये त्या जुन्या आकडेवारीतून निघालं. आता पाचवा रकाना. रडार वीज खातं आणि माहितीचा ढीग तयार करतं. तो पृथ्वीवर पाठवायला मोठा अँटेना आणि जमिनीवरच्या स्थानकांचा वेळ लागतो. चित्र जितकं बारीक मागाल तितकी वीज, वजन आणि खर्च वाढतो. इथं पोहोचल्यावर बहुतेक उत्साही प्रस्तावांची हवा जाते.

हाच तक्ता तिनं सोलापूरवरही घालून पाहावा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात इथं ढगबीजनाचा, म्हणजे ढगांत कण पेरून पाऊस वाढवण्याचा प्रयोग केला. एकूण २७६ ढग घेतले, त्यातल्या काहींत बीजन केलं, काही तसेच सोडले. कोणते हे नशिबावर ठरवलं, आणि मग पावसाची तुलना केली. सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस निघाला. ‘न पेरलेले ढगही मोजायचे’ हे आधीच ठरवलं नसतं, तर त्या १८ टक्क्यांना काही अर्थ उरला नसता. निवड समितीला प्रस्तावात नेमकी हीच शिस्त पाहायची असते.

आता गोष्टी बिघडतात कुठं. पहिली जागा म्हणजे कच्चं तंत्रज्ञान. त्याची एक ते नऊ अशी पातळी लावतात. आराखड्याच्या पहिल्या मोठ्या तपासणीपर्यंत सहावी पातळी यावी अशी अपेक्षा असते, म्हणजे नमुना निर्वातात, उष्णतेत, कंपनांत चालवून दाखवलेला असावा. तुम्ही नवा रॅपिअर माग घेताना ब्रोशरवरचा वेग पाहत नाही, कुणाच्या शेडमध्ये तो वर्षभर चाललाय ते पाहता. तेच हे. दुसरी जागा, राखीव रक्कम. नासाच्या डिस्कव्हरी या लहान मोहिमांच्या स्पर्धेत खर्चाच्या किमान २५ टक्के रक्कम अडचणींसाठी बाजूला दाखवावी लागते. ती कमी दाखवून प्रस्ताव स्वस्त भासवणं ही जुनी खोड आहे, आणि अनुभवी परीक्षक सगळ्यात आधी तिथंच बोट ठेवतो.

तिसरी जागा, उड्डाणाची वेळ. मंगळासाठी सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांनी येते, शुक्रासाठी १९ महिन्यांनी. नासाच्या इनसाइट यानाचा भूकंपमापक ज्या पोकळीत बसवला होता तिचा निर्वात टिकेना. २०१६ ची वेळ चुकली, यान २०१८ मध्ये उडालं आणि खर्च सुमारे १५ कोटी डॉलरनं वाढला. गळती केवढी तर सुईच्या टोकाएवढीही नाही, पण माणसांचे पगार दोन वर्षं चालूच राहिले. जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीचं तर काय सांगावं. सुरुवातीचा अंदाज शंभर कोटी डॉलरच्या आतबाहेरचा होता, शेवटी आकडा सुमारे हजार कोटी डॉलरवर गेला. मोहीम अफाट यशस्वी झाली, पण वाटेत इतरांचा पैसा तिनं खाल्ला, आणि ते यशाच्या फोटोंत दिसत नाही.

याशिवाय झालेल्या खर्चाचा मोह आहेच. चंद्रावर बर्फ शोधणारा व्हायपर हा रोव्हर जवळजवळ जुळवून झाला होता आणि त्यावर सुमारे ४५ कोटी डॉलर खर्च झाले होते, तरी जुलै २०२४ मध्ये नासानं तो रद्द केला. शास्त्रज्ञांनी आरडाओरड केली आणि २०२५ मध्ये तो एका खासगी कंपनीच्या यानातून पाठवायचं ठरलं. रद्द करणं बरोबर होतं का? माझ्या मते नव्हतं. पण ‘एवढे घातलेत म्हणून अजून घाला’ हे त्याचं कारण होऊ शकत नाही. उरलेल्या कामाला किती लागतील आणि त्यातून काय मिळेल, हिशोब एवढ्याचाच करायचा. मुलीला दोन्ही बाजूंनी लिहायला सांगा, वादविवादापेक्षा जास्त शिकेल.

शिक्षणाच्या वाटा दोन. प्रश्न विचारण्याकडे ओढा असेल तर भौतिकशास्त्र: आयसर या केंद्रीय विज्ञान संस्था (फक्त आयएटी परीक्षेतून), भुवनेश्वरचं नायसर (नेस्ट), बंगळुरूची आयआयएस्सी. पुढे पीएचडीला पुण्याचं आयुका हे खगोलशास्त्राचं केंद्र किंवा अहमदाबादची पीआरएल ही भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा. आदित्य-एल१ वरची सूर्याची अतिनील दुर्बीण आयुकानं बांधली. आयुका सोलापूरहून चार तासांवर आहे, हे मुलीच्या कानावर घाला. पीएचडीची फेलोशिप आज महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००.

हातानं बांधण्याकडे ओढा असेल तर इंजिनिअरिंग. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळ तंत्रज्ञान संस्थेला जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या रँकवर प्रवेश मिळतो, पण त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तो भरायचा राहिला असं दरवर्षी कुणाकुणाचं होतं. एरोस्पेसच हवं असा हट्ट नको. इस्रोच्या भरतीत मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरच्या जागाच जास्त असतात. ‘सायंटिस्ट-इंजिनिअर एससी’ पदासाठी साधारण ६५ टक्के किंवा ६.८४ सीजीपीए लागतो आणि मूळ वेतन ५६,१०० पासून सुरू होतं. सोलापूरच्याच चांगल्या कॉलेजातून ही पात्रता गाठता येते. अटी जाहिरातीगणिक बदलतात, तेवढं तपासा. नासातली थेट सरकारी नोकरी अमेरिकी नागरिकांनाच मिळते, त्यामुळे ते स्वप्न तिथल्या विद्यापीठांच्या वाटेनं बघावं.

तिसरी एक वाट फारशी कुणी सांगत नाही: पदवीनंतर विज्ञान धोरण किंवा खर्चाचा हिशोब. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची धोरण फेलोशिप आहे, खासगी अंतराळ कंपन्यांना परवानगी देणारं अहमदाबादचं इन-स्पेस आहे, कॅगची लेखापरीक्षण सेवा आहे. कॅगचे अहवाल अंतराळ विभागावरही येतात आणि फुकट वाचता येतात. फक्त, आधी तांत्रिक पदवी. नुसती धोरणाची पदवी घेऊन आलेल्याला रडार किती वीज खातं हे दुसऱ्याला विचारावं लागतं, आणि समितीत ते लगेच कळतं.

लातूरचं म्हणाल, तर या ध्येयासाठी तिला हलवायची गरज मला दिसत नाही. जेईई अ‍ॅडव्हान्स्डचीच ईर्षा असेल आणि तिची स्वतःची इच्छा असेल तर जरूर पाठवा. आयएटी आणि सीईटीची तयारी सोलापुरात होते. ‘इस्रोत हमखास निवड’ म्हणून शाळकरी मुलांसाठी पॅकेज विकणाऱ्यांना मात्र एक रुपया देऊ नका. इस्रोचा ‘युविका’ उपक्रम नववीच्या मुलांसाठी असतो. तिची वेळ गेली, धाकटं भावंड असेल तर त्याच्यासाठी लक्षात ठेवा.

या सुट्टीत तिनं पायथॉन शिकायला घ्यावं आणि इस्रोच्या ‘प्रदान’ संकेतस्थळावर नाव नोंदवून चांद्रयान-२ किंवा आदित्य-एल१ ची खरी आकडेवारी उतरवून घ्यावी, ती मोफत आहे. मग १,२०० कोटींची मर्यादा धरून तीन काल्पनिक मोहिमा लिहाव्यात, प्रत्येकीचा पाच रकान्यांचा तक्ता आणि खर्चाचं पान. मोजमापाला मंगळयानाचे ४५० कोटी आणि चांद्रयान-३ चे सुमारे ६१५ कोटी घ्यावेत. शुक्रयानाच्या १,२३६ कोटींत ८२४ कोटी यानावर आहेत, हेही समोर ठेवावं, म्हणजे प्रक्षेपक आणि जमिनीवरची स्थानकं विसरली जाणार नाहीत. त्यातली एक निवडावी आणि उरलेल्या दोघींना नकाराचं पत्र लिहावं: पानभर, कारणांसह, अपमान न करता आणि पुढच्या वेळी काय सुधारावं हे सांगून. हे पत्र लिहायला तिला तक्त्यापेक्षा जास्त वेळ लागेल. ते भौतिकशास्त्राच्या सरांना वाचायला द्या, आणि तुम्हीही वाचा. खर्चाच्या पानावर काय सुटलंय ते तुम्हाला आधी दिसेल.