माइंड मॅप झकास झाला, पण काम काही हलेना

हल्ली एक तक्रार सारखी कानावर येते. ऑफिसच्या कामांचा डोक्यात नुसता गुंता झालाय, कुणीतरी सुचवलं म्हणून माइंड मॅपचं, म्हणजे मधल्या शब्दातून फांद्या काढत विचार मांडायच्या चित्राचं, सॉफ्टवेअर घेतलं, मॅपही मस्त झाला, पण काम जागचं हलत नाही, मग माझ्यातच काही बिघाड आहे का? त्यातलीच माझ्याकडे आलेली ही एक केस, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत परचेसला असलेले गृहस्थ, चाळिशीच्या आसपासचे, नुकतंच प्रमोशन झालेलं. बसल्या बसल्या पहिला प्रश्न, "मॅडम, मला एडीएचडी असेल का हो? रीलमध्ये सांगतात ती सगळी लक्षणं जुळतायत." एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं अवघड जाण्याचा विकार, पण त्याची रीलमधली लक्षणं थकलेल्या कुणालाही जुळतात हो. त्याचं निदान सायकिअ‍ॅट्रिस्ट किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात आणि त्यात बाराव्या वर्षाच्या आधीपासून त्रास होता का हे मुद्दाम बघतात. यांना विचारलं तर शाळेत काही नाही, डिप्लोमाला नाही, आधीच्या नोकऱ्यांत नाही, जे काय आहे ते सगळं प्रमोशननंतरचं.

मग म्हटलं तो मॅप दाखवा. मधोमध "परचेस", त्यातून नऊ फांद्या, पीओ (खरेदीच्या ऑर्डरी), कोटेशन, जीआरएनचे (माल मिळाल्याच्या नोंदींचे) घोळ, ऑडिट, नवीन व्हेंडर, प्रत्येकीचा रंग वेगळा, कुठे झेंडा कुठे बल्ब, आणि हे रंग रात्री जेवणं झाल्यावर बदलत बसायचे. बायको म्हणाली म्हणे, ऑफिसचं काम करताय की रांगोळी काढताय! तसं रंगांचं खूळ काही यांनी काढलेलं नाही, ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांनी १९७४ साली बीबीसीवरच्या मालिकेतून ही पद्धत लोकांपर्यंत नेली तीच मुळी रंग, चित्रं आणि फांदीवर एकेक शब्द अशी. अभ्यास लक्षात ठेवायला ते छानच आहे. पण ऑफिसात मॅपचं काम एवढंच, की डोक्यातलं बाहेर काढायचं, कारण डोक्यात एका वेळी धरून ठेवायला जागाच फार कमी असते. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये साधारण सात गोष्टी म्हटलं होतं, २००१ मध्ये दुसरे मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी तो आकडा चारच्या आसपास आणला, आणि यांच्या अंगावर प्रमोशनबरोबर चाळीसेक गोष्टी एकदम आल्या होत्या, मग गोंधळ होणार नाही तर काय.

मला खटकलं ते मात्र वेगळंच. ते फ्रीप्लेन नावाचं माइंड मॅपचं सॉफ्टवेअर वापरायचे, त्यात फांदी मिटवली की टोकाला फक्त बारीकसा गोल उरतो. आठ फांद्या उघड्या आणि एकच मिटलेली.

"ही उघडा की."

"ते नंतरचं आहे मॅडम."

"असू दे, उघडा तर."

स्पेसबार दाबला, आत एकच ओळ, "काकांना सांगणे".

काका म्हणजे भोसरीतले एक जुने व्हेंडर, छोटं मशीन शॉप, आणि यांची पहिली नोकरी त्यांच्याच हाताखाली झालेली. आता त्यांचा रेट परवडत नाही, ऑर्डर कमी करायची आणि ते सांगायचं यांनी. फोन टाळायचा म्हणून बाकीचे आठ रंग चालले होते, असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते त्यांनाही पटलं, जरा वेळाने.

मग पुढच्या सेशनला लॅपटॉप उघडलाच नाही. मी काका झाले आणि त्यांना बोलायला लावलं, तर तब्येत, पाऊस, मुलाचं लग्न सगळं झालं, रेटचा विषयच निघेना. दोन-चारदा घासल्यावर "काका, या रेटला पुढची ऑर्डर देता येणार नाही" हे वाक्य एकदाचं पहिल्या मिनिटात आलं. फोन न करता ते भेटायलाच गेले. काका चिडले, मग टार्गेट रेट विचारला, दोन पार्टचं नवीन कोटेशन दिलं, बाकीचे पार्ट दुसरीकडे गेले. नाराजी अजून आहे.

मॅप सोडायला मी सांगितलं नाही. फक्त सकाळी दहा मिनिटं, एकाच रंगात, टॅबने पोटफांदी आणि एंटरने शेजारची, बाकी मेनूला हात लावायचा नाही, आणि बंद करायच्या आधी त्यातली तीन कामं साध्या वहीत उतरवायची, पुढे तारीख-वेळ टाकून. मॅपमध्ये सगळं मधल्या शब्दाभोवती सारखंच पसरलेलं असतं, आधी काय आणि नंतर काय ते वहीतच ठरतं. आणि कुठली फांदी सारखी मिटवली जातेय ते बघायचं.

कुठलं अ‍ॅप घेऊ हे हमखास विचारतात म्हणून सांगते, फ्रीप्लेन फुकट आहे आणि फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर राहते, एक्समाइंड दिसायला चांगलं, टीमबरोबर करायचं तर माइंडमाइस्टर ब्राउझरमध्ये चालतं. मात्र ऑनलाइन मॅपमध्ये व्हेंडरचे रेट नि कस्टमरची नावं टाकायच्या आधी ऑफिसच्या आयटीवाल्यांना विचारून घ्या. आणि हा विसराळूपणा, हे विखुरलेपण शाळेपासूनचंच असेल किंवा झोप उडाली असेल, तर अ‍ॅप शोधत बसू नका, सरळ सायकिअ‍ॅट्रिस्टची अपॉइंटमेंट घ्या.