झुमरी तिलैया खरंच आहे का?

प्रश्न : रेडिओवर जुन्या गाण्यांच्या फर्माइशीत हमखास ‘झुमरी तिलैया’ ऐकू यायचं. हे गाव खरं, की निवेदकांची गंमत? – एक वाचक, मिरज

उत्तर : अहो, चांगलं खरं आहे! आज झारखंडच्या कोडरमा जिल्ह्यात, तेव्हा बिहारात. अभ्रकाच्या धंद्याचं गाव. तिथले शौकीन एकेका पोस्टकार्डावर डझनभर नावं घालून पत्रांचा पाऊस पाडायचे.

पत्रांचं वेड मुळात रेडिओ सिलोनचं, म्हणजे श्रीलंकेहून हिंदी गाणी ऐकवणाऱ्या केंद्राचं. १९५२ नंतर, बाळकृष्ण केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री असताना (आपलेच मराठी, काय बोलणार!), आकाशवाणीवरून सिनेगीतं जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी मुकाट्यानं काटा सिलोनकडे फिरवला. तिथल्या अमीन सयानींच्या ‘बिनाका गीतमाला’ या गाण्यांच्या कार्यक्रमाला पहिल्याच भागानंतर सुमारे ९,००० पत्रं आली म्हणतात. १९५७ मध्ये आकाशवाणीची, सिनेगीतं लावणारी विविध भारती आली ती उगाच नव्हे.

आमच्या घरीही कार्ड लिहिणं हा सोहळा असे. मजकूर आई सांगायची, अक्षर माझं. नावांत शेजारच्या काकू, वाणी आणि आमचा मोती. नाव एकदाच वाचलं गेलं. त्यात मोतीचं होतं, माझं गाळलेलं.