‘हा तेव्हा कुठे होता?’ : लाडक्या खेळाडूच्या जागी आलेल्या नव्यावरचा राग

“मुलगा घरात शांत असतो, पण मोबाइलवर एका अनोळखी खेळाडूला शिव्या घालतो. याला झालंय काय?” समुपदेशक म्हणून मला हा प्रश्न घेऊन येणारे आईवडील आता बरेच भेटतात. पूर्वी तक्रार मुलांच्या खेळण्याची असायची, आता ती बघण्याचीही असते. मुलं बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या मोबाइल गेमच्या स्पर्धा यूट्यूबवर तासन्‌तास बघतात, एखादी टीम आपली मानतात आणि तिथे जुन्या लाडक्या खेळाडूच्या जागी नवा आला की पेटून उठतात. अशाच एका मुलाबद्दल, त्याच्या आणि आईवडिलांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे. त्याला इथे आदित्य म्हणू. टीमचं आणि त्या दोन खेळाडूंचं नाव मुद्दाम देत नाही.

आदित्य अकरावी सायन्सला आहे. पहिल्या भेटीत आईने माझ्यासमोर फोन ठेवला. त्याच्या कमेंट्सचे स्क्रीनशॉट मामेबहिणीने पाठवले होते. ‘बॉट (म्हणजे संगणकाने चालवलेला, कच्चा खेळाडू) आहेस, आयडी डिलीट कर.’ ‘तुझ्यामुळे टीम संपली.’ एका ओळीत तर त्या खेळाडूच्या आईचा उद्धार होता. “मॅडम, हा मला कधी उलटून बोलत नाही,” आई म्हणाल्या, “आणि दुसऱ्याच्या आईला हे असलं?” आदित्य खाली मान घालून बसला होता. वडिलांची काळजी वेगळी होती. यात तो पैसे लावतो का, आणि हे व्यसन तर नाही ना?

वडिलांच्या शंका आधी दूर करणं गरजेचं होतं. ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यानेही पैसे लावण्याच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. आदित्यने कुठे एक रुपयाही लावलेला नव्हता. व्यसनाचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची नोंद आहे. त्याचे निकष कडक आहेत : खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर टिकणं. आदित्यची झोप, क्लास, मित्र, संध्याकाळचं क्रिकेट सगळं जागच्या जागी होतं.

मग आईंना वाटलं, आत दुसरं काही दडलं असेल आणि राग या निमित्ताने बाहेर पडत असेल. मीही त्या दिशेने पाहिलं. घरातले ताण, कॉलेजमधली दादागिरी, अभ्यासाचं दडपण, सगळ्याची चौकशी झाली. तसं काही नव्हतं. राग खरोखरच त्या लाइनअपचा, म्हणजे टीममधून उतरणाऱ्या चौघांच्या निवडीचा होता. आम्हा समुपदेशकांना कारणामागचं कारण शोधायची सवय असते. पण मूल जे दुखतंय म्हणून सांगतं, तेच दुखत असू शकतं. मोठ्यांना ते क्षुल्लक वाटलं म्हणून त्याच्याआड काहीतरी ‘मोठं’ असलंच पाहिजे असं धरून चालणं मला त्या मुलावर अन्याय करणारं वाटतं.

म्हणून त्याला सरळ विचारलं, “तुझा तो जुना खेळाडू तुला कधीपासून आवडतो?”

तोपर्यंत एकेका शब्दात उत्तरं देणारा मुलगा बोलायला लागला तो थांबेना. 2020 चं लॉकडाउन. तो पाचवीतून सहावीत गेलेला, शाळा मोबाइलवर, खाली खेळायला बंदी. संध्याकाळी त्या खेळाडूचा स्ट्रीम, म्हणजे खेळाचं थेट प्रक्षेपण, सुरू व्हायचा. मग 2 सप्टेंबर 2020 ला सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली. जुलै 2021 मध्ये बीजीएमआय या नावाने गेम भारतात परत आला. जुलै 2022 मध्ये तोही अ‍ॅप स्टोअरवरून काढला गेला आणि मे 2023 मध्ये पुन्हा सुरू झाला.

“दोनदा गेम गेला, मॅडम. दोन्ही वेळा सगळे म्हणत होते, संपलं आता. काही जणांनी खेळणं सोडलं. पण तो रोज स्ट्रीमवर यायचा. दुसरे गेम खेळायचा, आमच्याशी बोलायचा. आम्ही थांबलो त्याच्यासाठी. आणि हा नवा तेव्हा कुठे होता?”

मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटलं. भारतातल्या बीजीएमआयच्या चाहत्यांची निष्ठा केवळ जिंकलेल्या ट्रॉफ्यांवर उभी नाही. खेळ आज आहे, उद्या असेल की नाही ठाऊक नाही, अशा काळात एकत्र वाट पाहिल्याने ती घट्ट झाली आहे. त्या काळाच्या साक्षीदारांना वाटतं, इथे जागा मिळवायची तर ती सोसून मिळवावी. नवा कितीही चांगला खेळो, त्याने ते दिवस आपल्यासोबत काढलेले नसतात.

पडद्यावरच्या माणसाशी जुळणाऱ्या अशा एकतर्फी जवळिकीचा अभ्यास जुना आहे. हॉर्टन आणि वोल या दोन अभ्यासकांनी रेडिओ आणि टीव्हीवरच्या लोकांबद्दल श्रोत्यांना, प्रेक्षकांना वाटणाऱ्या आपलेपणावर 1956 मध्येच लिहिलं. नातं एकतर्फी म्हणून भावना खोटी ठरत नाही. त्या खेळाडूला आदित्य माहीत नाही, पण एकटेपणाच्या त्या वर्षात त्याचा आवाज आदित्यच्या खोलीत रोज होता. आणि एके दिवशी टीमने एक पोस्ट टाकली : नवी लाइनअप, चार चेहरे, त्यात तो नाही. निरोपाचा सामना नाही, काही नाही. ज्या व्यवस्थापनाने, प्रशिक्षकाने निर्णय घेतला ते चाहत्याला दिसत नाहीत. करार संपला का, त्यालाच विश्रांती हवी होती का, हेही कळत नाही. दिसतो फक्त त्याच्या जागी बसलेला मुलगा. सगळं दुःख त्याच्या अंगावर जातं.

आदित्यच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट होती. जुन्या दिवसांबद्दल तो ‘आपण फायनलला गेलो’ असं म्हणायचा आणि आताबद्दल ‘ते हरतात’. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये विद्यापीठांच्या फुटबॉल संघांवरून हेच टिपलं होतं. संघ जिंकला की विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘आपण’ जास्त यायचं. आदित्यच्या ‘आपण’मध्ये नव्याला अजून प्रवेश नव्हता.

हे सगळं समजून घेतलं तरी त्या शिव्यांचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच. मी त्याला उपदेश केला नाही. त्याला ज्यातलं माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं, तिथेच आम्ही गेलो. त्या नव्याचा सगळ्यात वाईट दिवस निवडून मला समजावून सांग, असं म्हटलं.

त्याने फार सुरेख समजावलं. सोळा टीम, प्रत्येकी चार खेळाडू. पहिल्या क्रमांकाला 10 गुण, दुसऱ्याला 6, तिसऱ्याला 5, असं करत सातव्या-आठव्याला एकेक, शिवाय प्रत्येक फिनिशचा, म्हणजे बाद केलेल्या खेळाडूचा, एक. त्या दिवशीच्या बहुतेक सामन्यांत टीममधून सर्वांत आधी बाद झाला तो नवा मुलगा.

“तोच आधी का जातो?”

“कारण एन्ट्री तो घेतो.” समोरच्या टीमने धरलेल्या घरात जो सर्वांत आधी शिरतो, तो एन्ट्री घेतो. आत कोण कुठे आहे ते त्याच्यामुळे मागच्या तिघांना कळतं.

“आधी एन्ट्री कोण घ्यायचं?”

“आपलाच.” म्हणजे तो जुना.

“मग तोही आधी जायचा?”

“जायचा. पण एक-दोन नॉक काढून जायचा.” नॉक म्हणजे समोरच्याला जायबंदी करून पाडणं.

“अगदी पहिल्या महिन्यातही?”

इथे तो थांबला. पहिला महिना त्याने पाहिलेलाच नव्हता. त्याने बघायला सुरुवात केली तेव्हा तो खेळाडू आधीच मोठा झालेला होता. बहुतेक चाहत्यांचं असंच असतं. लाडक्या खेळाडूशी आपली ओळख होते तेव्हा त्याचे कच्चे दिवस सरलेले असतात. नव्याचे कच्चे दिवस मात्र आपल्या डोळ्यांसमोर, लाइव्ह चालू असतात. त्यात चौघांचा मेळ बसायला वेळ लागतो. आयजीएलने, म्हणजे खेळताना टीमला सूचना देणाऱ्या म्होरक्याने, हाक दिल्यावर कोण किती वेळात कुठे पोहोचणार, हे आकड्यांच्या तक्त्यात दिसत नाही. जुन्याचा वाईट दिवस आपण ‘आज लागला नाही त्याचा’ म्हणून सोडून देतो. नव्याचा वाईट दिवस हा पुरावा मानतो.

पुढच्या वेळी आदित्य तयारीनिशी आला. लीग ऑफ लेजंड्स या संगणकावरच्या, पाच-पाच जणांच्या गेममधल्या टी-वन या कोरियन टीमचं उदाहरण त्याने माझ्यासमोर ठेवलं. 2023 आणि 2024 चा विश्वविजेता गुमायुसी 2025 च्या सुरुवातीला बाकावर बसला आणि स्मॅश या नवख्याला संधी मिळाली. चाहते खवळले. पुढे गुमायुसी संघात परतला, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये चीनमधल्या छंगदूला टी-वनने केटी रोल्स्टरला 3-2 असं हरवून सलग तिसऱ्यांदा विश्वविजेतेपद जिंकलं, तेव्हा अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. “बघा. चाहते बरोबर होते. जुना तो जुना.”

मुद्दा चोख होता आणि मी तसं म्हटलंही. अनुभवाचं मोल असतं, आणि आपल्या खेळाडूवर विश्वास ठेवणारे चाहते कधीकधी बरोबर असतात. मग विचारलं, “त्या दिवशी टॉप लेनला कोण होतं?” टॉप लेन ही त्या गेममधल्या पाच जागांपैकी एक. त्याला माहीत होतं. डोरान. झ्यूससारखा लाडका खेळाडू 2024 च्या शेवटी टीम सोडून गेला, त्याच्या जागी आलेला. “त्याला पण खूप बोलले होते लोक,” आदित्य म्हणाला. करंडक उचलणाऱ्या पाच जणांत गुमायुसी होता, तसा डोरानही होता. आणि मधे उभा असलेला टी-वनचा सर्वांत नावाजलेला खेळाडू फेकर? 2013 मध्ये सोळा वर्षांच्या फेकरने पदार्पणाच्या सामन्यात अ‍ॅम्बिशन या तेव्हाच्या मोठ्या खेळाडूला एकट्याने गारद केलं होतं. त्याच अ‍ॅम्बिशनच्या संघाने 2017 च्या अंतिम सामन्यात फेकरच्या संघाला 3-0 असं हरवलं. आमचा तो तास फारच रंगला.

निघताना आदित्य आपणहून म्हणाला, “हा नवा एकोणीसचा आहे. म्हणजे गेम बंद झाला तेव्हा चौदाचा.” जरा वेळाने, “तो पण घरीच बसून वाट बघत असणार.” ‘तेव्हा कुठे होता’ या त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यानेच शोधलं होतं. तो नवा मुलगा वयाने आणि अनुभवाने लाडक्या खेळाडूपेक्षा आदित्यलाच जास्त जवळचा होता.

आई एका एकत्र भेटीत म्हणाल्या, “मी लग्न होऊन आले तेव्हा आमटीत मीठ कमी पडलं तर चर्चा व्हायची. सासूबाईंच्या हातून पडलं तर कुणाला कळायचंही नाही.” आदित्य हसला. आजीची बाजू घ्यावी की आईची, हे त्याला ठरवता येईना.

त्याने दोन गोष्टी ठरवल्या. हरलेल्या रात्री काही लिहायचं नाही, लिहायचं तर सकाळी. आणि लिहायचं ते खेळावर, माणसावर नाही : ‘झोन (खेळात आकसत जाणारी सुरक्षित जागा) उशिरा पकडला’ हे चालेल, ‘बॉट’ चालणार नाही. जुन्या खेळाडूला त्याने एक लांब पत्रासारखा मेसेज पाठवला. उत्तर येणार नाही हे त्याला माहीत होतं, पण टीमने न दिलेला निरोप त्याने आपल्यापुरता दिला. आईवरून लिहिलेली ती कमेंट आणि बाकीच्याही त्याने स्वतः काढून टाकल्या. आईंना वाटत होतं, त्याने जाहीर माफी मागावी. मी त्याला विरोध केला. सोळा वर्षांच्या मुलाची जाहीर माफी हा पुन्हा एक तमाशा होतो, आणि त्या गर्दीच्या तोंडी मग तोच सापडतो.

पालकांनी कमेंट्स पाहून लगेच फोन काढून घेऊ नये. त्याने राग कमी होत नाही, फक्त दुसऱ्या आयडीवर जातो. आधी त्या जुन्या खेळाडूबद्दल विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. शिवीला मात्र पहिल्या दिवसापासून स्पष्ट नाही म्हणा. दुःख खरं आहे म्हणून ती माफ होत नाही. धमक्या देणं, कुणाचं खातं बंद पाडायला टोळी जमवणं, झोप उडणं, तोच सूर घरात भावंडांशी लावणं, पैसे लावणं यातलं काही दिसलं तर वेळ न घालवता मदत घ्या. आणि तुमचंच मूल स्पर्धेत उतरून अशा शिव्या खात असेल, तर स्पर्धेच्या काळात त्याचं खातं दुसऱ्या विश्वासू माणसाकडे द्या. ते खचलेलं वाटलं तर टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

आदित्य अजून सगळे सामने बघतो. वडील कधीकधी शेजारी बसतात आणि झोन म्हणजे काय ते विचारतात. तो नवा त्याला अजूनही तितकासा आवडत नाही. “ग्रेनेड बरा टाकतो,” एवढंच म्हणतो.