आफ्टरशेव्ह लावणं खरंच गरजेचं असतं का? पूर्वी घरोघरी दिसायचं, आता का दिसत नाही?

एके काळी गरज होती, ती वस्तऱ्यामुळे. एकच वस्तरा दिवसभर अनेकांच्या गालांवरून फिरायचा आणि बारीकसं खरचटलेलंही पिकायचं. म्हणून दाढीनंतर काहीतरी लावणं ओघानंच आलं. आपल्याकडे तुरटी. ओला खडा कापलेल्या जागी दाबला की रक्तातली प्रथिनं साकळतात आणि रक्त थांबतं. कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर बे नावाच्या झाडाची पानं आणि रम यांचा अर्क काढून 'बे रम' बनायचं. 19व्या शतकात ते अमेरिकेतल्या न्हाव्यांकडे पोचलं.

पुढे जिलेटचा सेफ्टी रेझर आला. पहिल्या महायुद्धात तो अमेरिकन सैनिकांना दिला गेला आणि घरच्या घरी दाढी करायची सवय पसरली. जखमा कमी झाल्या. खरं तर आफ्टरशेव्हची गरज इथूनच ओसरायला हवी होती, पण सुगंधानं त्याला तारलं. 1917 साली अ‍ॅक्वा वेल्व्हा, 1938 मध्ये पुरुषांसाठी ओल्ड स्पाइस, 1964 मध्ये ब्रूट असे सुगंधी ब्रँड आले. शिडाच्या जहाजाची ती ओल्ड स्पाइसची पांढरी बाटली आपल्याकडेही कितीतरी आरशांपुढे असायची. लग्नकार्याला निघताना वडीलधारे तळहातावर चार थेंब घेऊन दोन्ही गालांवर थापटायचे, डोळे गच्च मिटून.

झोंबतंय म्हणजे काम करतंय, असा समज तेव्हा पक्का होता. प्रत्यक्षात त्वचेतले जे संवेदक एरवी सुमारे 42 अंशांना भाजल्याची जाणीव देतात, त्यांची मर्यादा अल्कोहोल 34 च्या आसपास खाली आणतं. म्हणजे आपल्याच अंगाची ऊब आपल्याला भाजते! शिवाय त्वचा कोरडी पडते ती वेगळीच. निव्हियानं 1980 मध्ये दाढीनंतर लावायचा, अल्कोहोल नसलेला बाम आणला, तो याच त्रासावर.

नंतर सुगंधाचं काम डिओनं उचललं, रेझरच्या पात्यांजवळ त्वचेवरून सहज सरकायला मदत करणारी बुळबुळीत पट्टी आली, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत तर तरुणांनी दाढीच राखली. मग आफ्टरशेव्हला उरलं काय?

घरी नव्या ब्लेडनं दाढी करत असाल तर गार पाणी आणि साधं मॉइश्चरायझर पुरे. वासाची आवड असेल तर खुशाल लावा, फक्त चेहरा कोरडा पडत असेल तर बाम घ्या. सलूनमध्ये मात्र वस्तऱ्यात नवं अर्धं ब्लेड तुमच्या डोळ्यांसमोर घालायला सांगा, आणि तुरटीचा एकच खडा सगळ्यांच्या गालांवर फिरत असेल तर सरळ नको म्हणा.